टाचेची मोजणी

दस्तगीर शिकलगार मोजणी खात्यात निमतानदार होते. म्हणजे खालच्या माणसांनी केलेली जमिनीची मोजणी बरोबर की चूक, हे ठरवणारे. बावीस वर्षं त्यांनी भावाभावांच्या बांधात साखळ्या टाकल्या होत्या. त्यांनी हद्द दाखवली की तिच्यावर अपील होई, वाद होई, क्वचित डोकीही फुटत; पण हद्द हलत नसे. अशा माणसावर शाहूपुरीतल्या आपल्या घराच्या गॅलरीत बसून स्वतःच्या टाचेवर ट्रेसिंग पेपर धरायची वेळ आली, आणि गल्ली महिनाभर हसली. गल्लीला काय, ती कशालाही हसते. पण हे सगळं दस्तगीरांनी हौसेनं केलेलं नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

सुरुवात झाली ती नुजहतच्या प्रोजेक्टपासून. नुजहत त्यांची एकुलती एक मुलगी, औषधशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. बाकीच्या मुलांनी मागच्या वर्षीचे विषय उचलले, नावं बदलली आणि मोकळी झाली. नुजहतनं दगडीपाला घेतला. भिंतीच्या कडेला, बांधावर, दगडाच्या फटीत उगवणारं, लांब दांड्यावर पिवळट पांढरं फूल धरणारं हे रोप. विळा लागला की कोणीही बाई त्याची चार पानं चुरगळून रस पिळते. दस्तगीरांची आई हुसेनबी राधानगरीकडच्या गावात चाळीस वर्षं तेच करत आली होती.

"पण त्यात असतंय काय, ते बघणार हाय मी," नुजहत म्हणाली. कोल्हापूरच्या मुली स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. नुजहतही त्याला अपवाद नव्हती. "जखम झाली की शरीर तिथं आग पेटवतंय, अब्बा. लाल होतंय, गरम होतंय, सुजतंय, ठणकतंय. ती आग लागतेच, त्याशिवाय घाण साफ कोण करणार? पण वेळेत विझली पाहिजे. पाल्यातली द्रव्यं ती विझवाय मदत करत्यात का, ते शोधतो."

दस्तगीरांना हे चटकन पटलं. "म्हणजे पोलीस बंदोबस्त. मोजणीला पोलीस पाहिजेतच. पण मोजणी झाल्यावरही ते शेतातच तळ ठोकून बसले, तर बिचाऱ्यानं पेरायचं कधी?"

"अगदी तसंच," नुजहत म्हणाली, आणि वडिलांची छाती दोन इंच फुगली.

त्या फुगलेल्या छातीनंच घात केला. कॉलेजला दाखला हवा होता, की हे रोप म्हणजे खरोखरच दगडीपाला आहे. तो दाखला गावाबाहेरच्या एका मोठ्या संस्थेच्या वनस्पती विभागात मिळे. "दाखला ना? माझ्यावर सोड," दस्तगीर म्हणाले. "बावीस वर्षं दाखले देतोय मी. घ्यायला काय अक्कल लागते?"

सरकारी माणसानं दुसऱ्या कार्यालयात जाताना पोशाख नीट असावा, या विचारानं त्यांनी नवीकोरी कोल्हापुरी चप्पल घातली. खालच्या मजल्यावरचे बाळासो गुळाच्या अडतीत माल तोलायचं काम करत आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे तोललेलं मत असे. ते जिन्यातच म्हणाले, "साहेब, आठ दिस तेल पाजा की तिला. आत्ताच घातली तर चावंल."

"बाळासो, चपलेच्या मर्जीनं चालायला मी काय नवरदेव आहे?" दस्तगीर म्हणाले आणि करकर वाजवत निघून गेले.

पहिल्या दिवशी खिडकीतल्या माणसानं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं रोप उघडून पाहिलं आणि म्हणाला, "फूल कुठाय? फुलाशिवाय ओळख पटत नाही." दुसऱ्या दिवशी फूल होतं, मूळ तुटलं होतं. "मुळाशिवाय नोंद होत नाही." तिसऱ्या दिवशी मूळ, खोड, पान, फूल सगळं एकसंध हजर होतं, तर सही करणारे साहेब रजेवर. चौथ्या दिवशी साहेब होते, पण रोप दोन प्रतींत हवं होतं. दस्तगीर त्या आवाराच्या एका टोकाच्या कुंपणापाशी दुसरी प्रत उपटायला गेले. तिथं शिपायानं हटकलं, "ओ पावणं, काय उपटताय?" बावीस वर्षांत लोकांनी त्यांना 'साहेब' म्हटलं होतं, 'मोजणीवाले' म्हटलं होतं, पाठीमागं काय काय म्हटलं असेल ते असो, पण उपटणारे पावणं कोणी म्हटलं नव्हतं.

दाखला मिळाला. घरी येऊन त्यांनी चप्पल काढली, तेव्हा दोन्ही टाचांची कातडी सोलून निघाली होती. डावीकडे रुपयाएवढी, उजवीकडेही रुपयाएवढी.

इकडे कॉलेजात वेगळाच घोळ झालेला. प्रयोग उंदरांवर करायचा, तर त्याला समितीची परवानगी लागे. नवीन नियम होते आणि ते योग्यच होते. उंदरालाही जीव असतो. पण समितीची बैठक एकदा गणपूर्तीअभावी, एकदा संक्रांतीमुळे आणि एकदा कारण न देता पुढं गेली. फेब्रुवारी लागला. मार्चच्या शेवटी अहवाल द्यायचा. गाईड सर म्हणाले, "शिकलगार, विषय बदला. गोळी पाण्यात किती वेळात विरघळते ते करा, सगळे करतात." नुजहत घरी आली ती जेवलीच नाही. "सरांच्या मते हा आजीबाईचा बटवा हाय, अब्बा. विज्ञान न्हाय," एवढं बोलून तिनं दार लावून घेतलं.

दस्तगीर खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. पोरीचं रडं ऐकू येत होतं आणि समोर त्यांच्याच दोन टाचा होत्या. एकाच माणसाच्या, एकाच वेळी, एकाच चपलेनं केलेल्या, एकाच मापाच्या दोन जखमा! एका टाचेला पाला, एकीला नुसतं पाणी. पंधरा दिवस मोजायचं. परवानगी कोणाची? टाचेच्या मालकाची. मालक हजर होता.

नुजहतला त्यांनी सांगितलं नाही. ती नको म्हणाली असती, शिवाय त्यांना तयार नकाशा एकदम तिच्या पुढ्यात ठेवायचा होता. ती सकाळी कॉलेजला जाई ती अंधार पडल्यावरच परते, तोवर वही कपाटात गेलेली असे.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. सकाळी पाय धुवायचे. डाव्या टाचेवर पाल्याचा रस, उजवीवर काही नाही. मग ट्रेसिंग पेपर धरून पेन्सिलीनं जखमेची हद्द उतरवायची, कागद आलेखाच्या वहीवर ठेवून चौकोन मोजायचे. सुजेसाठी पायाभोवती दोरा, उष्णतेसाठी थर्मामीटर. घरातला थर्मामीटर टाचेला लागतो हे कळल्यावर त्यांच्या बायकोनं, शमशादनं, तो आयुष्यात पुन्हा तोंडात घेतला नाही. "ठणका: डावी मध्यम, उजवी जास्त," असं ते मोजणीच्या वहीत गंभीर अक्षरात लिहीत आणि खाली सही करून तारीख टाकत.

चौथ्या दिवशी बाळासोंनी अंगणातून पाहिलं. "काय ओ साहेब, टाचेचा सातबारा काढाय लागलाय व्हय?"

झालं. तासाभरात गॅलरीखाली सल्लागार मंडळ भरलं. कोणी चुना-हळद सांगितली, कोणी तंबाखूची मळी, कोणी जळक्या कापसाची राख. समोरच्या धोंडुबाई म्हणाल्या, आमच्या ह्यांना असंच झालतं, तवा गाडीचं काळं ऑइल लावलं आणि तिसऱ्या दिवशी हे चालत कामावर गेले. ते कामावर आधीही चालतच जायचे, हे कोणी काढलं नाही. बाळासोंनी सगळ्यांना गप्प केलं. "वरनं लावून काय हुतंय? आतनं ताकद पायजे! जखम भरायची म्हंजी काय फुकट काम हाय? साहेब, रोज सकाळ-संध्याकाळ गुळाचा खडा खायचा. मी आणून देतो, एक नंबर माल."

सल्ला प्रयोगात ढवळाढवळ करणारा नव्हता. गूळ दोन्ही टाचांना सारखाच पोचणार होता. दस्तगीरांनी वहीत नोंद केली, "आहारात गूळ, उभय बाजूंस समान," आणि रोज दोन मोठे खडे चघळायला लागले.

शमशादचा हस्तक्षेप मात्र गंभीर होता. दुपारी ते लवंडले असताना तिला उजव्या टाचेची दया आली. डावीचे एवढे लाड आणि उजवीनं काय घोडं मारलंय, असं म्हणत तिनं उजवीवर तुपात कालवलेली हळद थापली. दस्तगीर उठले ते किंचाळतच. "शमशाद! तू पुरावा नष्ट केलास!"

"मी हळद लावली," ती शांतपणे म्हणाली. "खून न्हाय केला."

दोन दिवसांच्या नोंदी बाद झाल्या.

याच आठवड्यात बिद्रीजवळच्या एका गावात फेरमोजणी निघाली. दोन चुलतभाऊ, बारा वर्षं वाद, मधे अर्धा गुंठा बांध. दस्तगीर स्लिपर घालून, दोन्ही टाचांना फडकी गुंडाळून, लंगडत शेतात उतरले. दोन्ही पायांनी लंगडता येत नाही असा लोकांचा समज आहे; तो चुकीचा आहे. थोरला म्हणाला, "साहेब, पायाला काय झालं?" धाकटा म्हणाला, "कोरफड लावा." थोरला म्हणाला, "कोरफड न्हाय, आधी गरम पाण्यात मीठ घालून शेका, मग कोरफड." धाकट्यानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "व्हय, हे बरुबर हाय." बारा वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांचं एकमत झालं होतं आणि ते दस्तगीरांच्या टाचेवर झालं होतं. बांधावर उभे असलेले गावकरी भारावून गेले. मोजणी झाल्यावर वाद अर्थातच पुन्हा सुरू झाला.

पण दस्तगीरांना आता वेगळी चिंता लागली होती. दहा दिवस झाले तरी आकडे हलत नव्हते. डावी टाच उजवीपेक्षा थोडी कमी लाल होती, म्हणजे निदान त्यांना तशी वाटत होती. पण हद्द दोन्हीकडची तीच. चौकोन पहिल्या दिवशी एकशे बारा, दहाव्या दिवशी एकशे आठ. उलट उजवीच्या कडेला आता पिवळट ओल दिसायला लागली होती. ते गुळाचा आणखी एक खडा खात आणि पुन्हा मोजत. तहानही फार लागे. ऊन वाढलंय, असं ते म्हणत.

शेवटी शमशादनं गावातल्या दुकानात फोन करून सासूला निरोप दिला. बाराव्या दिवशी हुसेनबी एसटीनं आल्या. पिशवीत तांदूळ, हातात काठी, आणि मुलाकडं बघण्याची ती जुनी नजर, जिच्यापुढं निमतानदारही चौथीतले होत. त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि दोन्ही टाचा निरखल्या.

"कवा लागलं?"

"बारा दिवस झाले."

हुसेनबींनी डावीवरचा हिरवा रस बोटानं पुसून पाहिला. दस्तगीर वाट बघत होते की आई म्हणेल, पाला नीट वाटला नाहीस, ताजा आणला नाहीस. ती म्हणाली, "मग पाला कशाला लावतोस?"

"आई! चाळीस वर्षं तूच लावतेस ना?"

"लावतो की. पानं धुऊन, उकळलेल्या पाण्यातनं काढून, साध्या कापल्या-खरचटल्याला. पण पाच दिसांत जखम सुकाय लागली न्हाय, तर मी हात लावत न्हाय. मग आत काय तरी बिघडलंय. त्याला दवाखान्यात धाडतो. पाल्याला काय कळतंय आतलं?"

दारात नुजहत उभी होती. कधी आली कोणाला कळलं नव्हतं. तिनं पुढं होऊन टेबलावरची मोजणीची वही उचलली आणि वाचायला लागली. दस्तगीरांनी चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न केला. पान उलटत गेलं तसा तिचा चेहरा आधी लाल झाला, मग हसू फुटेल की काय असं वाटलं, आणि मग एकदम गंभीर झाला.

"अब्बा, माणसावर असं करत नसत्यात! परवानगी लागती, डॉक्टर लागतोय. हे काय केलंसा?"

"तुझ्यासाठी…"

"ते कळलं मला," ती जरा खाली आवाजात म्हणाली. मग तिनं बोट एका ओळीवर ठेवलं. "पण ही उजवी बघा. तिला तुम्ही काहीच लावलं न्हाय. नुसत्या पाण्यानं पण ती आत्तापर्यंत भराय पायजे होती. डावी भरली न्हाय, उजवी पण न्हाय. म्हंजी गडबड पाल्यात न्हाय, गडबड तुमच्यात हाय." तिनं पान उलटलं. "आणि हे काय? 'गूळ, सहा खडे'? 'रात्री पाच वेळा पाणी'? अब्बा, उठा. आत्ता."

"उद्या ऑफिसनंतर…"

"आत्ता," हुसेनबी म्हणाल्या, आणि काठी टेकून स्वतःच उभ्या राहिल्या.

गल्लीच्या टोकाला डॉक्टर संघप्रिया यांचा दवाखाना होता. दस्तगीर जमिनीच्या बाबतीत कोणाला भीत नसत. कुऱ्हाड घेऊन अंगावर आलेल्या माणसासमोर त्यांनी शांतपणे साखळी गुंडाळली होती. पण सुई दिसली की ते दार शोधायला लागत. त्यामुळेच त्यांनी बारा वर्षं रक्त तपासलं नव्हतं. नुजहतनं एक हात धरला, आईनं दुसरा, आणि बोटाला टोचल्यावर त्यांनी जो आवाज काढला तो बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनी एका लहान मुलाच्या खाती जमा केला.

साखर तीनशे बारा निघाली.

 दस्तगीरांच्या डोळ्यांसमोर त्यांचे थोरले चुलते आले, ज्यांचा पाय असाच एका काट्यापासून सुरू होऊन गुडघ्यापर्यंत गेला होता. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे… पाय?"

"पाय आहे आणि राहील," डॉक्टर म्हणाल्या. त्या जखम धूत होत्या, मान खालीच होती. "वेळेत आलात. आणखी महिनाभर टाचेचे नकाशे काढत बसला असता, तर मला असं सांगता आलं नसतं. साखर वाढली की जखमेतली आग वेळेवर विझत नाही आणि नवी कातडी धरत नाही. तुम्ही त्या पाल्याला साखर कारखान्यात मजुरीला लावलंत, शिकलगारसाहेब. तो बिचारा काय करणार? आता कच्चा रस बंद. त्यात माती असते, जंतू असतात. गोळ्या, रोज ड्रेसिंग, पायावर भार नाही. आणि गूळ…"

"गूळ बाळासोंनी दिला होता," दस्तगीर घाईघाईनं म्हणाले.

मग डॉक्टरांनी हुसेनबींकडं वळून पाल्याबद्दल विचारलं. कोणत्या जखमेला लावता, कोणत्या नाही, किती दिवस बघता. हुसेनबी सांगत गेल्या. कुत्र्याच्या चाव्याला नाही, गंजक्या खिळ्याला नाही, तिथं सरळ इंजेक्शन. नुजहतनं पर्समधून कागद काढला आणि भराभरा लिहायला लागली. चाळीस वर्षांत हुसेनबींना कोणी असं लिहून घेतलं नव्हतं. त्यांनी पदर सावरला आणि जरा सावकाश सांगायला लागल्या.

घरी आल्यावर बाळासोंना बातमी कळली. ते जिन्यात डोकं धरून बसले. "मी मारलं साहेबांना! माझ्या गुळानं!" त्यांची समजूत काढायला दस्तगीरांनाच दोन जिने उतरावे लागले, जे डॉक्टरांनी मना केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून बाळासो रोज सकाळी ताजी कारली आणून द्यायला लागले. कारल्याचा वासही दस्तगीरांना सहन होत नसे, पण माणसाचं मन मोडवत नव्हतं.

आहाराच्या कागदावर सकाळी उकडलेलं अंडं लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी शमशाद अंडं फोडत होती. ते अर्धवट शिजलेलं निघालं आणि पांढरं गढूळ पाणी ताटलीत सांडलं. नुजहत त्याच्याकडं बघत राहिली. "अम्मी, थांब, पुसू नकोस." ती आत धावली, पुस्तकाची पानं उलटली आणि परत आली. अंड्याचा बलक काढून पांढरं तापवलं की त्यातली प्रथिनं मोडतात आणि पाणी गढूळ होतं. सुजेच्या जागीही प्रथिनांची काहीशी तशीच मोडतोड होते. पाल्याचा अर्क घातल्यावर गढूळपणा कमी होतो का, ते काचेच्या नळीत बघता येईल. उंदीर नको, समिती नको, टाच तर नकोच नको.

गाईड सरांनी कागद दोनदा वाचला. कॉलेजच्या कारकुनानं विचारलं, "अंड्याला परवानगी लागते का?" सर चिडून म्हणाले, "लागत असती तर आपण नाश्ता केला असता का?"

पुढचे पाच आठवडे घरात अंडी डझनानं आली. पांढरं कॉलेजात जाई, बलकाचं शमशाद काय काय करून शेजाऱ्यांना वाटे. कधी नळी फुटली, कधी वीज गेली, एकदा अर्क शिपायानं चहा समजून ओतून टाकला. नुजहत पुन्हा करायची. आणि घरी दस्तगीर गोळ्या घेत, पाय उशीवर ठेवून पडून राहत. ड्रेसिंग करायला जात तेव्हा डॉक्टर पट्टी सोडत, आणि जखमेच्या कडेनं गुलाबी रंगाची नवी कातडी आत सरकताना दिसे. दर दिवशी केसभर. हे अतिक्रमण मात्र दस्तगीरांनी मोठ्या प्रेमानं बघितलं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दोन्ही टाचा मिटल्या.

तोंडी परीक्षेच्या दिवशी नुजहत अहवालाच्या बांधलेल्या प्रती घरीच विसरली. दस्तगीर त्या घेऊन रिक्षानं कॉलेजात गेले आणि शिपायाच्या हाती आत पाठवून बाहेर बाकावर बसले. दार अर्धवट उघडं होतं. बाहेरगावचे परीक्षक जाडजूड, भारदस्त गृहस्थ होते आणि त्यांचा आवाज भिंतीतून यायचा.

"म्हणजे तुमचा पाला बाजारातल्या गोळीपेक्षा चांगला?"

"न्हाय सर. गोळीच्या जवळजवळ निम्मा."

"मग जखम भरते असं म्हणायचं का?"

"न्हाय. नळीत दिसलं, एवढंच म्हणायचं. माणसात काय होतंय ते मला माहीत न्हाय. ते शोधायला अजून खूप काम लागंल. माझी दादी म्हणती, पाल्याला आतलं कळत न्हाय. तेवढं मी शेवटच्या पानावर तिच्या नावानं लिहिलंय."

दस्तगीरांनी डोळे मिटले. पोरगी 'माहीत नाही' म्हणाली, संपलं. आतून पानं उलटल्याचा आवाज. मग परीक्षक म्हणाले, "गेल्या तीन वर्षांत या टेबलाशी 'मला माहीत नाही' म्हणणारा हा पहिला विद्यार्थी." आणि गाईड सर पहिल्यांदाच म्हणाले, "सर, हिचा विषय मी बदलणार होतो. हिनं ऐकलं नाही." त्या आवाजात तक्रार नव्हती. पुढच्या शिक्षणासाठीही हिनं इथंच यावं, असंही काहीतरी ते म्हणाले.

मग खुर्ची सरकली. परीक्षकांचा आवाज एकदम खाली आला, इतका की दस्तगीरांना बाकावरून पुढं वाकावं लागलं.

"एक विचारतो. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली, वीस दिवस झाले. मलम लावतो. भरत नाही. त्याला तुमचा अर्क…"

नुजहतनं खाली पाहिलं. टेबलाखाली परीक्षकांच्या एका पायात बूट होता आणि दुसऱ्यात मोज्यावर पट्टी बांधून चढवलेली सँडल.

"त्या माणसाला म्हणावं, अर्क नको," ती म्हणाली. "आज गावाला जाऊ नका. उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त तपासा. शाहूपुरीत आमच्या गल्लीच्या टोकाला डॉक्टर संघप्रिया बसत्यात. मी येतो बरोबर."

"सुई मोठी असते का हो?" परीक्षकांनी विचारलं.

दस्तगीरांच्या मनात आलं, उठून आत जावं आणि या माणसाला मिठी मारावी. तेवढ्यात गाईड सर दारात आले, त्यांना ओळखून आत घेऊन गेले, खुर्ची दिली आणि शिपायाला हाक मारली, "चार चहा! शिकलगारसाहेब, तुमचा कसा?"

"बिनसाखरेचा," दस्तगीर म्हणाले.

परीक्षक काही क्षण त्यांच्याकडं बघत राहिले, मग स्वतःच्या सँडलकडं, मग शिपायाकडं.

"दोन," ते म्हणाले.